मोटारीच्या पोटातील पोळे

मोटारगाडीच्या पोटाखाली, इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मधल्या वाटेवर, पत्र्याचा एक फुगीर डबा बसविलेला असतो. त्यात हलणारा एकही भाग नाही, त्याला तेलपाणी लागत नाही, तो आवाज करीत नाही आणि गाडी धुणाऱ्याचा हातही सहसा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. गाडी विकत घेताना रंग, बैठका, आरसे, दिवे यांची चर्चा घरातील लहानथोर सगळी माणसे करतात. या डब्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. त्याचे नाव मालकाच्या कानावर प्रथम पडते ते बहुधा गॅरेजात, आणि तेही खर्चाच्या आकड्यासह. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे त्याचे पूर्ण नाव. गॅरेजातील मंडळी त्याला कॅट-कॉन म्हणतात. मराठीत उत्प्रेरक परिवर्तक असा शब्द योजता येतो. परंतु जो शब्द घेऊन मिस्त्रीकडे जाता येत नाही तो व्यवहारात फार दिवस टिकत नाही. तेव्हा कन्व्हर्टर हाच शब्द बरा.

बंगळूर शहरात या डब्याची मोठीच परीक्षा होत असते. एके काळी शहाजीराजांची जहागीर असलेले, पुढे बागांचे आणि निवृत्त लोकांचे म्हणून नावाजलेले हे शहर आज एक कोटीहून अधिक नोंदलेल्या वाहनांचे शहर झाले आहे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या कचेरीवरून ज्या चौकाला सिल्क बोर्ड हे नाव पडले तेथे, किंवा मारतहळ्ळी, हेब्बाळ आणि कृष्णराजपुरम् या बाजूंना, संध्याकाळी गाड्या ज्या गतीने सरकतात तिला चालणे म्हणावे की थांबणे, असा प्रश्न पडावा. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गाडीचे आयुष्य मोजण्याची आपली रीत किलोमीटरांची. इंजिन मात्र तासांवर झिजते, आणि कन्व्हर्टर तास व उष्णता या दोहोंवर. पुणे-बंगळूर मार्गावर जी गाडी तासात ८० किलोमीटर तोडते तीच बाह्यवर्तुळ रस्त्यावर तासात दहाबारा किलोमीटर सरकते. इंजिन मात्र दोन्ही ठिकाणी तासभर जळतच असते. म्हणून ४०,००० किलोमीटर झालेली शहरातील गाडी ही नवीच आहे अशी समजूत करून घेणारा मालक पुष्कळदा फसतो.

या डब्यात आहे तरी काय? डबा कापून पाहिला तर आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक दगडी ठोकळा दिसतो. कॉर्डिएराइट नावाच्या, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिका यांपासून बनलेल्या चिनीमातीसारख्या पदार्थाचा तो असतो. एका चौरस इंचात ४०० किंवा ६०० इतकी बारीक छिद्रे त्यातून आरपार गेलेली असतात. कॉर्डिएराइट निवडण्याचे कारण असे, की तो तापल्यावर फारच थोडा प्रसरण पावतो आणि त्यामुळे सहजासहजी तडकत नाही. या छिद्रांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा खरबरीत लेप दिलेला असतो. तो इतका सच्छिद्र, की त्याचा सारा पृष्ठभाग उलगडून पसरता आला तर कित्येक क्रीडांगणे झाकली जातील. आणि त्या लेपात, डोळ्यांना मुळीच दिसणार नाहीत अशा सूक्ष्म कणांच्या रूपाने, प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू पेरलेले असतात. साऱ्या डब्यात मिळून त्यांचे वजन काही ग्रॅम भरते. एखाद्या नाजूक अंगठीएवढे! पण डब्याची किंमत आणि त्याचे काम ही दोन्ही त्या काही ग्रॅमांतच सामावलेली असतात.

इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा ते पूर्णपणे जळत नाही. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, न जळलेल्या इंधनाची वाफ निघते, आणि अतिउष्णतेमुळे हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण होतात. पहिला वायू रक्तातील हिमोग्लोबिनला जखडून टाकतो. उरलेले दोन उन्हात एकत्र आले म्हणजे फुप्फुसांना जाळणारा ओझोन तयार होतो. कन्व्हर्टरमध्ये हे तिन्ही एकदम निकालात निघतात: मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, इंधनाच्या वाफेचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून हवेतला साधा, निरुपद्रवी नायट्रोजन परत मिळतो. हे घडवून आणणारे धातू स्वतः मात्र खर्ची पडत नाहीत. उत्प्रेरक समजावून देताना कित्येक जण विरजणाची उपमा देतात, पण ती बरोबर नाही. विरजण दुधात मिसळते आणि दह्यातच राहते. उत्प्रेरकाचे नाते लग्न जुळविणाऱ्या मध्यस्थाशी अधिक. दोन्ही पक्षांना तो एका बैठकीवर आणतो, सोयरीक जमली की बाजूला होतो, आणि त्याच दिवशी दुसऱ्या घरी हजर असतो.

मात्र या मध्यस्थाच्या दोन अटी आहेत. एक म्हणजे ऊब: सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापल्यावाचून तो कामाला लागत नाही. सकाळी गाडी चालू केल्यावरची पहिली एकदोन मिनिटे गाडीचा धूर जवळजवळ तसाच बाहेर पडतो, याचे कारण हेच. घरापासून भाजीबाजारापर्यंत आणि परत, एवढीच फेरी रोज मारणाऱ्या गाडीचा कन्व्हर्टर जेमतेम जागा होतो न होतो तोच पुन्हा निजतो. दुसरी अट मिश्रणाची. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण फारसे ढळता कामा नये. इंधन वाढले तर जाळायला ऑक्सिजन पुरत नाही. हवा वाढली तर नायट्रोजनची ऑक्साइडे तशीच निसटतात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हवा थोडी कमी लागते. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचे उद्घाटन ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरातच झाले. हा फरक इंजिनाचा संगणक आपल्याआपण सांभाळून घेतो, पण त्यासाठी त्याला धुरातील ऑक्सिजनची बातमी सतत मिळत राहावी लागते. ती देणारा ऑक्सिजन सेन्सर बॉश कंपनीने १९७६ साली प्रथम बाजारात आणला. याच बॉशशी संबंधित मायको कंपनी १९५१ पासून बंगळुरात होती. तिचे स्पार्क प्लग देशभर गेले आणि तिच्या नावाची वसाहत आजही शहरात आहे.

कन्व्हर्टरची मूळ कल्पना यापेक्षा जुनी. यूजीन हूड्री हा फ्रेंच अभियंता अमेरिकेत स्थायिक झाला होता. खनिज तेलापासून उत्तम पेट्रोल काढण्याच्या पद्धतीसाठी त्याचे नाव झालेले होते. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेचे वृत्तान्त वाचून त्याने मोटारीच्या धुरासाठी उत्प्रेरकाची भट्टी योजली आणि १९५६ साली तिचे पेटंट त्याला मिळाले. परंतु त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळीत असत, आणि शिशाचा थर बसला की उत्प्रेरक मेलाच. १९६२ मध्ये हूड्री निवर्तला तेव्हा त्याचे यंत्र रस्त्यावर आलेले नव्हते. पेट्रोलमधून शिसे हटविण्यास सुरुवात झाल्यावर, १९७५ च्या अमेरिकन गाड्यांत ते सर्रास दिसू लागले. भारतात त्याला आणखी वीस वर्षे लागली. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही आले; १९९८ साली हा नियम राज्यांच्या राजधान्यांसह आणखी शहरांना लागू झाला, आणि फेब्रुवारी २००० पासून देशभरच्या पेट्रोलमधून शिसे गेले. मधल्या काळात मुंबईची नवी गाडी घेऊन गावी निघणाऱ्याला वाटेत योग्य पेट्रोल कोठे मिळेल याची चौकशी आधी करावी लागे. टाकीत चुकीचे पेट्रोल पडले म्हणजे डब्याचे काम आटोपलेच.

शिसे गेले, पण कन्व्हर्टर अमर झाला असे नव्हे. तो निकामी होऊ लागला की जी लक्षणे दिसतात ती एकेक करून पाहण्यासारखी आहेत, कारण त्यांतील प्रत्येक लक्षण दुसऱ्या कसल्या तरी बिघाडाचेही असू शकते. नाडी एक आणि रोग दहा, अशातला हा प्रकार आहे.

पहिली सूचना बहुधा डॅशबोर्डवर मिळते. इंजिनाच्या आकृतीचा पिवळसर दिवा लागतो. भारतात २०१० नंतरच्या, आणि विशेषतः २०१३ नंतरच्या मोटारींत संगणक धुराच्या यंत्रणेवर स्वतःच लक्ष ठेवतो. त्यासाठी कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पहिला हा चंचल पहारेकरी: मिश्रण क्षणात दाट, क्षणात विरळ होते त्याप्रमाणे त्याची वर्दी सारखी बदलत राहते. दुसरा शांत असावा लागतो. कारण कन्व्हर्टरच्या लेपात सीरियमचे ऑक्साइड असते आणि ते जास्तीचा ऑक्सिजन साठवून ठेवून कमतरतेच्या वेळी सोडते, त्यामुळे पलीकडे निघणाऱ्या वायूत चढउतार फारसे उरत नाहीत. दुसरा पहारेकरीही पहिल्यासारखाच ओरडू लागला, तर मधले कोठार रिकामे झाले असे संगणक समजतो आणि पी-०४२० हा संकेत नोंदवून दिवा लावतो.

येथेच पुष्कळांची फसगत होते. पी-०४२० याचा अर्थ ‘कन्व्हर्टर बदला’ असा नाही. ‘कन्व्हर्टरचे काम अपेक्षेपेक्षा कमी भासते’ एवढाच त्याचा अर्थ. धुराच्या नळीला सेन्सरच्या आधी बारीक भेग पडून बाहेरची हवा आत येत असेल, सेन्सर स्वतःच म्हातारा झाला असेल, किंवा इंजिन मिसिंग करीत असेल, तरीही हाच संकेत उमटू शकतो. संकेत वाचण्याचे यंत्र आता कोपऱ्यावरच्या गॅरेजातही असते. संकेताचा अर्थ लावणारा मिस्त्री तितका सुलभ नाही. आणखी एक भेद लक्षात ठेवावा. दिवा स्थिर जळत असेल तर चारदोन दिवसांत गाडी दाखविली तरी चालते. पण दिवा उघडझाप करू लागला तर इंजिनातील एखाद्या नळकांड्यात ठिणगी पडत नाही आणि कच्चे पेट्रोल सरळ कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेट घेत आहे असे समजावे. अशा वेळी आतील उष्णता १,००० अंशांच्या पुढे जाऊ शकते. घरापर्यंत कसेबसे जाऊ, हा विचार फार महागात पडतो. गाडी बाजूला घेऊन बंद करणे हाच उपाय.

दुसरे लक्षण वासाचे. कुजक्या अंड्यासारखा वास आला की कन्व्हर्टर गेला, अशी एक समजूत पसरलेली आहे. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. पेट्रोलमध्ये गंधक असते, आणि मिश्रण फार दाट झाले की कन्व्हर्टरमध्ये त्या गंधकाचे हे रूपांतर होते. परंतु एप्रिल २०२० पासून देशभर जे भारत स्टेज सहा पेट्रोल मिळू लागले त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत फार तर १० भाग एवढेच ठेवलेले आहे. साहजिकच हा वास पूर्वीपेक्षा दुर्मिळ झाला. आज तो तीव्रतेने आला तर इंधन प्रमाणाबाहेर जात असावे किंवा टाकीत भेसळीचा माल पडला असावा, असा संशय घेण्यास जागा आहे. मात्र त्यापूर्वी बोनेट उघडून बॅटरीही पाहावी. बॅटरीला प्रमाणाबाहेर वीज मिळत असेल तर तिलाही अगदी हाच वास येतो, आणि बॅटरीच्या दोषासाठी कन्व्हर्टरला शिक्षा झाल्याची उदाहरणे गॅरेजांत कमी नाहीत.

तिसरे लक्षण कानाचे. गाडी उभी असताना, किंवा खड्ड्यातून जाताना, पोटाखालून डब्यात चिंचोके हलविल्यासारखा आवाज येतो. आतले पोळे फुटून त्याचे तुकडे मोकळे झाले म्हणजे असे होते. बंगळुरात रस्त्यावरच्या गतिरोधकाला हंप म्हणतात, आणि काही हंप इतके उंच असतात की खाली बसलेल्या गाडीचे पोट त्यांवर घासल्यावाचून राहत नाही. ठोकर बसून डबा चेपला तर आतील ठिसूळ ठोकळा टिकत नाही. पण येथेही घाई नको. कन्व्हर्टरच्या भोवती उष्णता अडविण्यासाठी पातळ पत्रा लावलेला असतो; त्याचा एखादा बोल्ट गंजून सुटला की तोही खडखडतो. दोन आवाजांतील फरक सूक्ष्म नाही. पत्र्याचा आवाज इंजिनाच्या ठराविक वेगालाच येतो, झिणझिणता असतो, आणि वेग बदलताच बंद पडतो. गाडी पूर्ण थंड झाल्यावर रबरी हातोडीने डब्यावर हलकेच टिचकी मारून पाहावी. आत खडे वाजले तर पोळे फुटले, नुसता पत्रा थरथरला तर चार पैशांचा बोल्ट पुरे. थंड झाल्यावर हे शब्द महत्त्वाचे आहेत. चालून आलेल्या गाडीचा कन्व्हर्टर चुलीवरच्या तव्याहून तापलेला असतो.

चौथे लक्षण सर्वांत त्रासदायक, ते दमाचे. फुटलेल्या किंवा वितळलेल्या पोळ्याने वाट अडविली की इंजिनाला श्वास सोडता येत नाही. आणि ज्याला श्वास सोडता येत नाही त्याला तो घेताही येत नाही. सपाट रस्त्यावर, धिम्या गतीत, हे पुष्कळ दिवस जाणवतच नाही. सिल्क बोर्डच्या गर्दीत कोणत्या गाडीला दम लागणार? रविवारी पहाटे मंडळी नंदी टेकडीच्या चढणीला लागतात, किंवा सुटीत सामानसुमानासह कोल्हापूर-पुण्याकडे निघतात आणि खंबाटकीचा घाट समोर येतो, तेव्हा ते उघडे पडते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी पिकअप येत नाही, इंजिन एका मर्यादेच्या वर फिरायला तयार होत नाही, मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागतात. पेट्रोल तर नेहमीपेक्षा अधिक खर्च होत असते. वाट अगदीच बंद झाली असेल तर गाडी चालू होऊन थोड्याच वेळात आपोआप बंद पडते, आणि पायांखालची जमीन बाहेरून ऊन लागल्यासारखी तापते.

क्लच घसरत असला तरीही चढावर गाडी ओढत नाही. पण तेव्हा इंजिन जोरात फिरते आणि चाके मागे राहतात. कन्व्हर्टर तुंबला असता इंजिनच फिरत नाही. हवेचा फिल्टर मळला असेल तर तो काढून पाहणे हे पाच मिनिटांचे काम. पेट्रोलचा पंप कमजोर असेल तर त्याचा दाब मोजता येतो. एवढे झाल्यावर कन्व्हर्टरकडे वळावे, आणि तेथेही अंदाजाने नव्हे तर मापाने. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी दाब मोजण्याचे घड्याळ बसवितात आणि इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर ठेवतात. सर्वसाधारण गाडीत हा दाब चौरस इंचाला तीन पौंडांच्या आत राहतो. काटा त्यापुढे चढत गेला तर पुढची वाट तुंबली आहे यात संशय नको. या परीक्षेला अर्धा तास पुरतो. ती केल्यावाचून जो मिस्त्री कन्व्हर्टर बदलण्याचा सल्ला देतो त्याला घड्याळ दाखवा असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक मालकाला आहे.

पाचवे लक्षण कागदावर असते, आणि ते वाचण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. पीयूसीची पावती म्हणजे पोलिसांना दाखविण्याचा परवाना, एवढीच तिची किंमत पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती कन्व्हर्टरची जन्मपत्रिका आहे. भारत स्टेज चारच्या पेट्रोल मोटारीला इंजिन नुसते चालू असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के व न जळलेल्या इंधनाची वाफ दहा लाखांत २०० भाग ही मर्यादा आहे, आणि वाढविलेल्या वेगावर मोनॉक्साइड ०.२ टक्के. निरोगी कन्व्हर्टरची गाडी या मर्यादांच्या पुष्कळच खाली राहते. म्हणून ‘पास’ या शब्दावर समाधान न मानता मागील वर्षांच्या पावत्यांशी आकडे ताडून पाहावे. ०.०२ वरून ०.१८ वर गेलेला आकडा नियमात बसतो खरा, पण तो काय सांगतो हे उघड आहे. परीक्षेला गाडी तापलेली न्यावी, एवढे पथ्य पाळले पाहिजे. थंड कन्व्हर्टर झोपलेला असतो आणि चांगली गाडीही त्यापायी नापास होते.

क्वचित सहावे लक्षणही आढळते: सकाळी गाडी चालू करताच ती ट्रॅक्टरसारखी गर्जते. याचा अर्थ रात्री कोणी तरी डबाच कापून नेला. २०२१ च्या सुमारास महाराष्ट्रात आणि गुजरातेत मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीस जाऊ लागले तेव्हा कित्येक मालकांना या वस्तूचे महत्त्व प्रथम कळले. चोरांच्या भाषेत आतल्या भुकटीला माती म्हणतात. ती माती धातूंच्या भावाने विकली जाते.

आता कारणांकडे वळावयाचे. कन्व्हर्टर सहसा आपल्या मरणाने मरत नाही. त्याला मारले जाते. आणि मारणारा बहुधा इंजिनातच दडलेला असतो. काही शे रुपयांचा स्पार्क प्लग किंवा त्यामागची इग्निशन कॉइल निकामी झाली, गाडी मिसिंग करू लागली, आणि मालकाने ‘पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू’ म्हणून महिनाभर तशीच चालविली, की कित्येक हजारांचा कन्व्हर्टर जळून जातो. जुने इंजिन ऑइल खाऊ लागले असेल तर ऑइलमधील फॉस्फरस आणि जस्त यांची राख पोळ्याच्या भिंतींवर लिंपली जाते. हेड गॅस्केट फुटून कूलंट आत झिरपत असेल तरी तसेच. बॅटरी बसलेली गाडी धक्का मारून चालू करण्याची आपल्याकडची सहकारी पद्धत पाहण्यास मोठी मौजेची; पण इंजिन पेट घेईपर्यंत जाणारे कच्चे पेट्रोल पुढे कन्व्हर्टरमध्येच साचते, हे धक्का मारणाऱ्यांच्या ध्यानी नसते. रोग तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसविला तर तोही वर्षभरात त्याच वाटेने जातो.

पाण्याचा धोका निराळा. सप्टेंबर २०२२ च्या आरंभी बेळ्ळंदूर आणि बाह्यवर्तुळ रस्त्याच्या परिसरात तळ्यांचे पाणी रस्त्यांवर आले, तेव्हा अनेक गाड्या कमरेएवढ्या पाण्यातून नेण्यात आल्या. इंजिनात पाणी गेले की नाही याची चिंता सर्वांनी केली. शेकडो अंश तापलेला डबा एकाएकी गार पाण्यात बुडाला म्हणजे त्याचे पोलादी कवच आक्रसते, आतील ठोकळ्याला धरून ठेवणारी चटई भिजते आणि ठोकळा हलू लागतो किंवा तडकतो. ही इजा त्या दिवशी कळत नाही. कित्येक महिन्यांनी चिंचोके वाजू लागतात, तोवर पूर विस्मरणात गेलेला असतो.

वरीलपैकी काहीच घडले नाही तरी वय कोणाला सुटले आहे? उष्णतेमुळे धातूंचे सूक्ष्म कण हळूहळू एकमेकांना चिकटून मोठे होतात. वजन तेवढेच राहते, पण वायूला स्पर्श होईल असा पृष्ठभाग घटत जातो. या दुखण्यावर बंगळुरातच महत्त्वाचे संशोधन झाले आहे. भारतीय विज्ञान संस्थेत, जिला गावातील जुने लोक अजून टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, प्राध्यापक एम. एस. हेगडे, के. सी. पाटील, गिरिधर मद्रास आणि त्यांचे सहकारी यांनी धातूचे कण पेरण्याऐवजी पॅलेडियम वा प्लॅटिनमचे आयनच सीरियम ऑक्साइडच्या स्फटिकात गुंफण्याची रीत काढली. धातूंची नायट्रेटे योग्य इंधनाबरोबर द्रावणात घेऊन भट्टीत ठेवली की ती पेट घेतात आणि काही मिनिटांत बारीक भुकटी तयार होते. स्फटिकाच्या चौकटीत प्रत्येक आयन आपापल्या जागी बांधलेला असल्यामुळे ते एकमेकांना चिकटू शकत नाहीत, आणि थोड्या धातूत अधिक काम होते. या कामाचा आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला.

प्रयोगशाळेपासून काही मैलांवर जे. सी. रोडचा मोटारीच्या सुट्या भागांचा बाजार आहे. अशा बाजारांत, मग ते बंगळूरचे असोत की मुंबई-पुण्याचे, कन्व्हर्टर बदलू इच्छिणाऱ्याला तीन प्रकारचे सल्ले मिळतात. गाडी बनविणाऱ्या कंपनीचा मूळ भाग घ्यावा, हा पहिला. तो महाग आहे, मोठ्या गाड्यांच्या बाबतीत छाती दडपून टाकण्याइतका महाग आहे. दिसायला तसाच पण किमतीने पाव असलेला नकली भाग घ्यावा, हा दुसरा. त्यात मौल्यवान धातू नावापुरताच असतो, आणि काही महिन्यांत दिवा पुन्हा लागतो. तिसरा सल्ला आवाज खाली आणून दिला जातो: डबा कापून आतले पोळे फोडून टाकायचे आणि रिकामे कवच पुन्हा जोडायचे. गाडी मोकळा श्वास घेते, पिकअप येतो, खर्च नाममात्र. दिव्याचीही काही व्यवस्था करून मिळते. कायद्याने हे गाडीच्या मूळ रचनेतील बेकायदा फेरफार ठरते, आणि धुराचे नियम मोडल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ते बाजूला ठेवले तरी फोडून टाकलेल्या त्या पोळ्याने जे विष गिळले असते ते आता कोणी तरी दुसरा गिळणार. गाडीच्या काचा बंद असतात, आत वारा खेळत असतो. चौकातला वाहतूक पोलिस, दोन्ही हातांत मोगऱ्याचे गजरे घेऊन गाड्यांमधून फिरणारी बाई, आणि दुचाकीवर आईच्या पुढे उभे राहून शाळेला निघालेले पोर यांची उंची मात्र सायलेन्सरच्या तोंडापासून फार दूर नसते.

मूळ भाग बसविल्यावर जुना कन्व्हर्टर गॅरेजात तसाच सोडून देण्याची पद्धत आहे. तसे करू नये. त्यातील धातू नाहीसे झालेले नसतात. वितळून, शुद्ध होऊन ते पुन्हा नव्या कन्व्हर्टरमध्ये जाऊ शकतात, आणि त्यांची किंमत येते. बिलावर जुन्या भागाची वजावट दाखविली आहे का, हे विचारावे. दाखविली नसेल तर डबा कागदात गुंडाळून घरी न्यावा आणि अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावा. नव्या डब्याची हमीपावती गाडीच्या कागदपत्रांत ठेवून, तिच्या पाठीवर त्या दिवशीचे पीयूसीचे आकडे लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी ताडून पाहावयास तेच उपयोगी पडतील.